बिनबटणांचा बोर्ड

आमच्या घरात देव नव्हते, म्हणून भुतंही नव्हती. हे माझ्या बाबांचं गणित. मूळ आम्ही नांदेडकडचे, बौद्ध. बाबा टेलिफोन खात्यात लागले आणि हैदराबादला आले, ते इथलेच होऊन गेले. चिक्कडपल्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी लिंबू-मिरची बांधली की बाबा म्हणायचे, "लिंबू सरबतात घालावं." मी त्याच घरात वाढले. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर खरं सांगायचं तर हसायलाच वाचत आले – वाड्यातली बाई, पिंपळाखालचा माणूस, मागून येणारी पैंजणं… मला यातलं काही कधी पटलं नाही. अजूनही पटत नाही.

तरी लिहितेय. माझं मराठी तसं कच्चं आहे, शाळा इंग्रजी, बाहेर सगळं हिंदी-तेलुगू, तेव्हा सांभाळून घ्या. कुणाला काही पटवायचं नाहीये. जे झालं ते एकदा कुठेतरी लिहून ठेवायचंय, कारण ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगून काही उपयोग झाला नाही.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. नारायणगुड्यात एक छोटी कंपनी आहे, तिथे मी काम करते. आम्ही लहान कीपॅड बनवतो – चार, सहा, नऊ बटणांचे, बाजूला एक गोल फिरणारा नॉब. बिलिंग काउंटरवाले, साउंड स्टुडिओवाले, ज्यांना अख्खा कीबोर्ड नको असतो अशा लोकांसाठी. प्रत्येक कीपॅडच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. कुठलं बटण दाबलं, नॉब कुठल्या बाजूला फिरला, हे ती बघते आणि यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरला कळवते. कॉम्प्युटरला वाटतं, कीबोर्ड जोडलाय. पण हे सगळं ती करते कारण मी तिच्यात प्रोग्रॅम भरलेला असतो. कारखान्यातून येते तेव्हा ती कोरी असते. कोरी चिप जोडली तर कॉम्प्युटर इतकंच दाखवतो, की काहीतरी जोडलंय आणि ते प्रोग्रॅमची वाट बघतंय. आपण कीबोर्ड आहोत हेच त्या चिपला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

बाबांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. गिळणं अवघड झालं, डावी बाजू पूर्ण गेली. उरला तो उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, "समजत असेल त्यांना थोडंफार." मला ते 'थोडंफार' फार लागलं. बाबांच्या डोळ्यांकडे बघून कुणालाही कळलं असतं की सगळं समजतंय. मग मी ऑफिसात उरलेले पार्ट घेऊन त्यांच्यासाठी एक कीपॅड बनवला. चार मोठी बटणं – पाणी, दुखतंय, कूस बदला, नको. आणि एक नॉब. नॉब फिरवला की जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर अक्षरं एकामागून एक सरकायची, हवं ते आलं की नॉब दाबायचा. एकेक अक्षर असं जुळवत जायचं.

बाबांनी नॉबवर लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, 'वायर ढिली आहे.' मी बघितलं तर खरंच यूएसबीची पिन नीट बसली नव्हती. आयुष्यभर लोकांच्या घरचे फोन दुरुस्त केलेला माणूस तो. मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

एक गोष्ट सांगायची राहिली. कीपॅड अक्षर पाठवत नाही, बटणाचा नुसता नंबर पाठवतो. त्याचं कुठलं अक्षर दाखवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आमचा लॅपटॉप जुना, बंद होऊन परत सुरू झाला की भाषा मराठीवरून इंग्रजीवर जायची आणि बाबांचे शब्द भलतेच दिसायचे. 'नको' लिहिलं की स्क्रीनवर यायचं – व्ही, के, ए. रोजचंच झाल्यामुळे मला ते पाठ झालं होतं. मी भाषा न बदलताच म्हणायची, "बरं, नको तर नको."

दादा – माझा मोठा भाऊ – पुण्याला असतो, आयटीत. तो आला तेव्हा मी कौतुकाने त्याला कीपॅड दाखवला. बाबांनी पहिलं बटण दाबलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, पाणी.

दादाने विचारलं, "हा शब्द तूच भरलायस ना यात?"

"हो, बटणावर."

"म्हणजे बोट चुकून लागलं तरी पाणीच येणार."

"चुकून लागत नाही, दादा. त्यांना तहान लागलीय."

"मी फक्त लॉजिक सांगतोय, प्रज्ञा. ते बोलतायत असं तुला वाटतं. खरं तर तूच बोलतेयस."

हे सगळं बाबांच्या उशाशी उभं राहून चाललं होतं. बाबांनी हात बटणांवरून काढला आणि नॉबवर ठेवला. फार वेळ लागला. मधे दादाला कुणाचा तरी फोन आला, तो गॅलरीत जाऊन बोलून आला. तोवर स्क्रीनवर तीन शब्द झाले होते. 'मला सगळं कळतं.'

दादाने वाचलं. म्हणाला, "ऑटो-कम्प्लीट असेल."

त्या दिवसानंतर बाबांनी ती चार बटणं कधी दाबली नाहीत. पाणीसुद्धा ते नॉब फिरवून, अक्षर अक्षर आणून मागायचे. घसा कोरडा पडलेला दिसायचा, मी म्हणायची, "बाबा, बटण दाबा ना, कशाला त्रास?" ते माझ्याकडे बघायचे आणि नॉब फिरवत राहायचे. बटणावरचा शब्द माझा होता. नॉबवरचा त्यांचा होता. त्यांना ते दादाला दाखवायचं होतं, आणि दादा बघायला नव्हता.

दिवसा बाबांना सांभाळायला यादम्मा यायची. तिच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ती गावी गेली. त्याच सुमारास बाबांना नाकातून नळी घालावी लागली, जेवण-औषध सगळं त्यातून. दुसरी बाई मिळेना, मिळाली ती नळी बघून पळाली. दादाने पुण्यातून फोनवर फोन करून शहराबाहेरचं एक केअर सेंटर ठरवलं. नाव लिहीत नाही. व्हिडिओ कॉलवर त्याने बाबांना सांगितलं, "बाबा, तिथे ट्रेंड नर्स आहेत. थोडे दिवस बघू."

बाबांनी लिहिलं, नको.

मी फोन स्क्रीनसमोर धरला. दादा हसून म्हणाला, "शाळेत घालताना मीपण नकोच म्हणायचो. तुम्ही ऐकलंत का?"

मी भांडले. पण नळीचं मला काही येत नव्हतं, नोकरी सोडता येत नव्हती, आणि नात्यातले सगळे एकच म्हणत होते की मुलगा इतक्या लांबून सोय करतोय आणि ही अडवतेय. शेवटी बाबांना नेलं. कीपॅड आणि लॅपटॉप मी सोबत दिला, सिस्टरला चालवून दाखवला. तिने तो मान हलवत बघितला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर दोन्ही वस्तू कपाटात. "वायर अलाऊड नहीं है मॅडम बेड के पास. आप आए तो लगा लेना." मी रोज संध्याकाळी जाऊन जोडायची. बाबा काही वेळ लिहायचे. बहुतेक वेळा एकच, घर.

आता तो दिवस.

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. नव्या लॉटचे बोर्ड आले होते आणि मी ते एकेक करून तपासत होते. हे बोर्ड म्हणजे नुसता सांगाडा असतो – हिरवी पट्टी, त्यावर चिप, आणि वायर लावायची जागा. बटणं बसवलेली नसतात, नॉब नसतो. दाबण्यासारखं त्यावर काहीच नसतं. जोडायचा, कॉम्प्युटरला दिसतोय का बघायचं, काढायचा. शेजारच्या टेबलावर श्रीलता बसते, ती सोल्डरिंग बघते.

एक बोर्ड जोडला. समोर एक साधी फाईल उघडी होती, मी त्यात ओके-ओके लिहीत होते. माझे दोन्ही हात त्या वेळी पुढचा बोर्ड पाकिटातून काढत होते. आणि फाईलमध्ये एक अक्षर उमटलं. व्ही.

मला वाटलं माझं कोपर लागलं. कीबोर्ड लांब सरकवला.

थोड्या वेळाने – के.

मग परत तेवढंच थांबून – ए.

एक रिकामी जागा. आणि पुन्हा व्ही.

टायपिंगचा एक वेग असतो, ज्याचा त्याचा. कुणी दुसऱ्या खोलीत टाइप करत असलं तरी ओळखता येतं. हा वेग मी रोज संध्याकाळी शेजारी बसून बघत होते. नॉब फिरवताना लागणारा वेळ, अक्षर पुढे गेलं की मागे आणायला लागणारा वेळ. 'के'ला नेहमी जास्त वेळ लागायचा कारण बाबांचा अंगठा तिथे घसरायचा. इथेही 'के'ला जास्त वेळ लागत होता.

श्रीलताने मान वळवून बघितलं. "प्रज्ञा, कोड डाल दिए क्या इसमें?"

"नहीं. कोरी चिप है."

"फिर कैसे टाइप कर रहा ये?"

मी माझ्या कीबोर्डची वायर काढून टाकली. अक्षरं येतच राहिली. माउस काढला. तरी येत राहिली. ऑफिसात वायरलेस कीबोर्ड एकही नाही, आम्ही ठेवतच नाही, टेस्टिंगमध्ये घोळ होतो म्हणून. शेवटी श्रीलतानेच हात पुढे करून तो बोर्ड उपटला. अक्षरं थांबली. तिने परत लावला. कॉम्प्युटरने दाखवलं – कोरी चिप, प्रोग्रॅमची वाट बघतेय. पुढे काही नाही. मी चिपची मेमरी वाचून बघितली. शेवटपर्यंत रिकामी.

फाईलमध्ये त्या तीन अक्षरांच्या ओळी तशाच होत्या.

घाबरले होते असं म्हणता येणार नाही. राग आला होता. कशाचा ते सांगता येत नाही. मी केअर सेंटरला फोन लावला. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, "पेशंट आराम कर रहे हैं मॅडम, सब ठीक है." मी तरी निघाले. बॉसला सांगितलंही नाही, श्रीलताला म्हटलं तू सांग. ऑटो करून इतक्या लांब जाईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की तू इंजिनियर आहेस, हे काय चालवलंयस.

वॉर्डात पोचले तर बाबांचा उजवा हात पलंगाच्या दांडीला बांधलेला होता. मनगटाला क्रेप बँडेजचे वेढे, आणि बोटं दिसू नयेत म्हणून पंजावर कापडाची पिशवी घालून ती वरून आवळलेली. एकच हात चालत होता त्यांचा. त्यातली तीन बोटं. तीच.

डोळे उघडे होते. आराम वगैरे काही चाललेला नव्हता.

मी सिस्टरला विचारलं, "ये कब से?"

"आज लंच के बाद से, मॅडम. नली खींच रहे थे ना. सेफ्टी के लिए बाँधे."

"उन्होंने मना नहीं किया?"

ती म्हणाली, "वो तो बात नहीं करते ना."

या शहरात 'नको' कुणालाही कळतं. हैदराबादी माणूस दिवसातून शंभरदा 'नक्को' म्हणतो, तो शब्द आपलाच आहे. यादम्मा तेलुगू, पण तिलाही तो मराठी शब्द कधी समजावून सांगावा लागला नव्हता. बाबांचा कीपॅड कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो चहाला गेला होता.

मी दादाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. मी लावत राहिले, तो कट करत राहिला.

मग मीच गाठी सोडल्या. पिशवी काढली. मनगटावर लाल वळ उठले होते. किल्लीवाला आल्यावर मी लॅपटॉप जोडला, कीपॅड बाबांच्या हाताखाली सरकवला, बोटं नॉबवर ठेवली. "बाबा, लिहा. मी आलेय. दुपारी तुम्ही… बाबा, तुम्ही काही लिहीत होता का?"

बाबांनी नॉब फिरवला नाही. ताकद नव्हती असं वाटत नाही, कारण माझं बोट त्यांनी धरलं होतं, चांगलं घट्ट. नॉब मात्र फिरवला नाही. स्क्रीनकडे बघितलंही नाही.

त्याच संध्याकाळी ॲम्ब्युलन्स करून मी त्यांना घरी आणलं. बिनपगारी रजा घेतली, नळीचं सगळं शिकले. शिकायला जमलं, हे विशेष. दादा फोनवर म्हणाला, "सगळीकडे बांधतात. स्टँडर्ड प्रोसीजर आहे. तू इमोशनल होऊन निर्णय घेतेस." मी ऑफिसातली गोष्टही तेव्हा त्याला सांगितली, अक्षरं कुठली ते न सांगता. म्हटलं, कोऱ्या चिपमधून टायपिंग झालं म्हणून मी गेले. तो म्हणाला, "त्यात काहीतरी जुना प्रोग्रॅम राहिला असेल. आणि तू दमलीयस. झोप."

जुना प्रोग्रॅम नव्हता. मेमरी मी स्वतः वाचली होती. पण मी कीबोर्डच्या प्रोग्रॅमवर घर चालवते, तरी याच विषयात माझं म्हणणं धरायचं नाही, असा आमच्या घरातला नियम झाला होता. यंत्र बोललं तरी मीच बोलले, आणि मी बोलले तर मी दमलेय. श्रीलताने बघितलं होतं, तर ती माझी मैत्रीण. तो बोर्ड मी ठेवून घ्यायला हवा होता असं तुम्ही म्हणाल. मी रजेवरून परत गेले तोवर तो ट्रेमध्ये बाकीच्यांबरोबर गेला होता. त्यावर बटणं बसली, प्रोग्रॅम भरला गेला, आणि आता तो कुठल्या तरी दुकानात बिलं करत असेल.

बाबा घरी काही आठवडे होते. एका सकाळी, मी त्यांचा चेहरा पुसत असताना ते गेले. तोपर्यंत कीपॅड रोज हाताखाली असायचा. त्यांनी तो एकदाही वापरला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. मी आपली अंदाजाने देत राहिले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला दादा बोलायला उभा राहिला. चांगलं बोलला. म्हणाला, "बाबा शांत गेले. शेवटी त्यांना कसला त्रास नव्हता, आणि त्यांची काही तक्रारही नव्हती." लोकांनी माना हलवल्या. मी चटईवर बसून ऐकलं.

यानंतर बरेच महिने आम्ही कामापुरतंच बोललो. मग एकदा त्याचा असाच फोन आला, घराच्या कागदांबद्दल. बोलून झाल्यावर म्हणाला, "अगं, तू कीबोर्डवाली ना, तुला विचारायचं होतं. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड मी बदलून घेतला होता, हा नवा काही ठीक नाही. बटणं अडकतात."

"जुन्याला काय झालं होतं?"

"आपोआप टाइप व्हायचं. व्हायचं म्हणजे एकदाच झालं, पण नेमकं क्लायंटच्या मीटिंगमध्ये. माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. प्रेझेंटेशनच्या मधोमध अक्षरं येतायत, थांबेचनात. क्लायंट विचारतो, हे व्ही-के-ए कोण?" तो थोडं हसला. "तुला आठवत असेल ती मीटिंग. तू त्या केअर सेंटरमधून सारखी फोन करत होतीस, मी उचलत नव्हतो. त्याच्या थोडं आधी."

 मग त्याला सांगितलं. लॅपटॉपची भाषा मराठी असती तर तिथे काय उमटलं असतं ते, आणि माझ्याकडे काय उमटलं होतं ते.

 नंतर तो म्हणाला, "कुठल्याही तीन अक्षरांचा कुठल्या ना कुठल्या भाषेत काहीतरी अर्थ निघतोच, प्रज्ञा."

"निघतो," मी म्हटलं.

"तुझ्याकडे किती वेळा आलं?"

"मोजलं नाही. श्रीलताने बोर्ड काढला तेव्हा थांबलं."

"माझ्याकडे काढण्यासारखं काही नव्हतं ना. लॅपटॉपचाच कीबोर्ड." मग अगदी हळू आवाजात, "मी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. लोक बघत होते गं."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

दोन शहरांत, दोन वेगळ्या यंत्रांवर, एकाच दुपारी तीच तीन अक्षरं कशी आली, हे मला माहीत नाही. मी वीज, वायरी, सिग्नल सगळं तपासून बघितलं, माझ्यापेक्षा हुशार लोकांना विचारलं. कुणाकडेच उत्तर नाही. भूत मी अजूनही मानत नाही, आणि त्या दुपारी बाबा तर जिवंत होते. दादाने त्यानंतर हा विषय काढलेला नाही, मीही काढत नाही. मागच्या महिन्यात त्याने फक्त एक मेसेज पाठवला. लॅपटॉपमध्ये मराठी भाषा कशी टाकायची, असं विचारलं होतं. मी सांगितलं. कशाला हवीय, ते विचारलं नाही.